दोष कोणाचा, भार कोणावर?

चौरस्त्यावर दोन मोटारी येऊन एकीचे तोंड दुसरीच्या कुशीत शिरले, म्हणजे भोवती जमलेल्या माणसांचा निकाल बहुधा तेथल्या तेथेच लागतो. जिचे नाक चेपले ती मारणारी, जिचे दार चेपले ती मार खाणारी. सबब दोष पहिलीचा, आणि भरपाईही तिच्याच धन्याने करावी. हा रस्त्यावरचा न्याय दिसावयास सरळ असला तरी त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. टक्कर कोणाच्या चुकीने झाली हा एक प्रश्न. आणि तिच्यामुळे ज्या घरातला कर्ता गेला त्या घराचा भार कोणी उचलावा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याचे मिळावयाचे नाही, असे मनुष्यसमाज शतकानुशतके धरून चालला. ही गाठ कशी पडली, ती सैल होण्यास किती काळ लागला, आणि ती आजही कोठे सुटलेली नाही, हे पाहणे केवळ कायदेपंडितांचे काम आहे असे आम्हांस वाटत नाही. बदलीच्या गावी अनोळखी रस्त्यांवरून रोज कचेरीस जाणाऱ्या आणि आप्तस्वकीयांपासून दूर संसार मांडणाऱ्या आमच्या वाचकांना तर हा इतिहास अगदी जवळचा आहे.

वाहनाच्या धक्क्याचा विचार मोटारीबरोबर जन्मास आलेला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडी, गाडीवान आणि गाडीचा धनी या तिघांच्या जबाबदारीचा बारकाईने विचार केलेला आढळतो. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी वळली वा उलट मागे गेली, आस किंवा चाक मोडले, वाद्या, जोते वा लगाम तुटला, अथवा गाडीवानाने ‘बाजूस व्हा’ असे ओरडून सांगितले होते, अशा दहा प्रसंगी दंड नाही, असे तेथे म्हटले आहे. परंतु गाडीवानाच्या अडाणीपणामुळे गाडी वाट सोडून गेली, तर दोनशे पणांचा दंड धन्यास. गाडीवान कुशल असेल तर दंड त्याला. आणि तो अकुशल असतानाही जे गाडीत बसले, त्यांनाही प्रत्येकी शंभर पणांचा दंड. नोकराच्या चुकीबद्दल मालक उत्तरदायी, आणि यंत्र बिघडल्यास दोष सौम्य, ही आजच्या न्यायालयांतली दोन्ही सूत्रे येथे बीजरूपाने दिसतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. वस्तूची नासधूस झाली तर तिच्या धन्याचे समाधान करावे असा नियम त्याच अध्यायात आहे. परंतु वाहनाखाली मनुष्य मेला, तर या श्लोकांतला दंड राजाकडे जातो. मागे राहिलेल्यांच्या पदरात काय पडावे, याचा उल्लेख तेथे नाही.

ही उणीव आपल्याच परंपरेची नव्हे. इंग्लंडात १८०८ साली एक घोडागाडी उलटली आणि तीतून प्रवास करणाऱ्या एका गृहस्थाची पत्नी सुमारे महिन्याभराने मरण पावली. लॉर्ड एलनबरो यांनी असा निर्णय दिला की, मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानीच नव्हे. पत्नी जिवंत असेपर्यंतच्या तिच्या सहवासाच्या वियोगाबद्दल पतीला भरपाई मिळाली. तिने डोळे मिटल्यानंतरच्या काळाबद्दल काहीच नाही. येणेप्रमाणे माणसाला जखमी करणे महाग आणि ठार करणे स्वस्त, अशी विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. ती आगगाड्यांच्या काळात असह्य होऊन १८४६ साली इंग्लंडात लॉर्ड कॅम्बेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला, आणि नऊ वर्षांनी, म्हणजे १८५५ साली, त्याच धर्तीचा प्राणघातक अपघातांचा कायदा हिंदुस्थानात आला. पती, पत्नी, आईबाप आणि मुले यांना दावा करण्याचा अधिकार प्रथम या कायद्याने मिळाला. परंतु दावा दिवाणी न्यायालयात, आणि दुसऱ्याची चूक सिद्ध करून.

चूक सिद्ध करणे म्हणजे काय, हे त्या काळच्या दोन खटल्यांवरून दिसेल. १८०९ सालच्या खटल्यात डर्बी गावातल्या एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर वासा आडवा टाकला होता. संधिप्रकाशात भरधाव आलेला घोडेस्वार त्यावर आदळून पडला. स्वाराने नीट पाहिले असते तर वासा दिसला असता, असे ठरताच त्याचा दावा मुळीच उभा राहिला नाही. दावेदाराचा दोष रतिभर असला तरी भरपाई शून्य, हा त्या काळचा हिशेब. पुढे १८४२ साली पाय बांधून हमरस्त्यावर चरावयास सोडलेले एक गाढव वेगाने येणाऱ्या गाडीखाली सापडले. मालकाची हयगय उघड होती. तरीही गाडीवानाला टक्कर टाळण्याची शेवटची संधी होती, म्हणून गाढवाच्या मालकाला भरपाई मिळाली. एका खटल्यात सर्व गेले, दुसऱ्यात सर्व मिळाले. दोष दोघांत वाटून द्यावा ही साधी गोष्ट इंग्लंडात कायद्याने मान्य होण्यास १९४५ साल उजाडावे लागले. आपल्याकडे तसा केंद्रीय कायदा झाला नाही. न्याय आणि सद्सद्विवेक यांच्या आधारे न्यायालयांनीच ती वाटणी स्वीकारली.

दोन वाहनांच्या टकरीत याहूनही मोठा अन्याय प्रवाशावर होत असे. १८४९ साली लंडनमध्ये एका घोड्यांच्या बसमधून उतरणारा प्रवासी दुसऱ्या बसखाली सापडून मेला. त्याच्या बसचा चालकही चुकला असेल तर प्रवाशाच्या वारसांना दुसऱ्या बसच्या मालकाकडून काही मिळणार नाही, असे ठरले. कारण प्रवासी हा आपल्या चालकाशी एकरूप झालेला! ज्याने लगामाला हातही लावला नाही त्याच्या माथी लगाम धरणाऱ्याचा दोष मारणारी ही कल्पना जवळजवळ चाळीस वर्षे टिकली. ‘बर्निना’ आणि ‘बुशायर’ या दोन आगबोटींची टक्कर झाली, तीत दोन्ही बोटींची चूक ठरली, आणि तेव्हा कोठे १८८८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती मोडून काढली. मागच्या आसनावर बसणाऱ्या प्रत्येकाने या दोन बोटींचे ऋण मानावे.

आपल्या देशात मोटारींसाठी पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ साली झाला आणि १९३९ सालच्या विस्तृत कायद्याने त्याची जागा घेतली. या दुसऱ्या कायद्यातल्या दोन तरतुदींशी आपल्याला येथे कर्तव्य आहे. एक म्हणजे तिऱ्हाइताच्या हानीसाठी सक्तीचा विमा. तो लगेच आला नाही. त्यासंबंधीचे प्रकरण १ जुलै १९४६ रोजी अमलात आले. त्यापूर्वी दावा जिंकूनही चालक आणि मालक कफल्लक निघाल्यास हुकूमनामा हा केवळ कागद उरे. दुसरी तरतूद चौरस्त्याची. चौरस्ता जवळ येताच वेग कमी करावा. शिरावयाचा रस्ता मुख्य म्हणून जाहीर केलेला असेल तर त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यावे. आणि एरवी आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी. हेच नियम १९८९ साली नव्याने मांडले गेले आणि २०१७ साली त्यांच्या जागी नवी नियमावली आली. डावीकडून चालणाऱ्या देशात उजव्या हाताचेच वाहन प्रथम आपल्या वाटेवर येते, हे त्यामागचे कारण.

या नियमाच्या उजेडात गर्दीचा तो तात्काळिक न्याय पुन्हा पाहावा. उजवीकडून आलेल्या मोटारीला वाट न देता आपण चौरस्त्यात शिरलो आणि तिने आपल्या उजव्या दारावर धडक दिली, तर मार आपण खाल्ला आणि नियमही आपणच मोडला! उलटपक्षी त्या मोटारीला वाटेचा अधिकार असला तरी वेग कमी करण्याचे तिचे कर्तव्य सुटत नाही. तस्मात् अशा टकरीत दोष कोणा एकाचा ठरण्यापेक्षा त्याची वाटणी होणे हेच अधिक संभवनीय. दार चेपले की नाक, हा पुराव्याचा एक धागा. तो निकाल नव्हे. चाके घसरल्याच्या खुणा, काचांचे तुकडे ज्या ठिकाणी पडले ती जागा, रस्त्यांची रुंदी, दिवे, आणि वाहने हलविण्यापूर्वी झालेला पंचनामा यांवरूनच खरी गोष्ट जुळवावी लागते. पुढून बसलेला धक्का बॉनेट आणि यंत्र काही अंशी सोसतात. कुशीत बसलेल्या धक्क्याला अडविण्यास दाराच्या जाडीपलीकडे फारसे काही नसते. म्हणून या प्रकारात दोषाचा वाद जितका अवघड, तितकीच आत बसलेल्याची हानी मोठी.

स्वातंत्र्यानंतर मोटारी वाढल्या आणि दिवाणी न्यायालयांतले दावे वर्षानुवर्षे रेंगाळू लागले. मुद्रांकाचा खर्च विधवेच्या आवाक्याबाहेरचा. १९५६ सालच्या दुरुस्तीने मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे स्थापण्याची व्यवस्था केली. अर्जाची मुदत आरंभी अवघी साठ दिवस होती. १९६९ साली ती सहा महिन्यांची झाली. दरवाजा सोपा झाला, परंतु आतला प्रश्न तोच राहिला: चूक सिद्ध करा.

आणि वाहन सरकारी असेल तर? हा प्रश्न आमच्या वाचकांना दोन्ही बाजूंनी भिडणारा. कलकत्त्याजवळच्या खिदिरपूर येथील सरकारी गोदीतून एक घोडागाडी जात असता मजुरांच्या हातून लोखंडाचा मोठा भाग दणकन् खाली पडला, घोडा बिथरून जखमी झाला, आणि साडेतीनशे रुपयांच्या त्या भरपाईच्या वादातून १८६१ साली सर बार्न्स पीकॉक यांचा प्रसिद्ध निर्णय निघाला. व्यापाऱ्यासारख्या कामात सरकार उत्तरदायी, राजसत्तेच्या खास कामात नाही, असा भेद त्यात केला गेला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५२ साली, उदयपूरच्या कलेक्टरांची जीप दुरुस्तीच्या कारखान्यातून परत येत असता रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या एका माणसाला लागून तो दगावला. त्याची विधवा आणि अल्पवयीन मुलगी यांना पंधरा हजार रुपये द्यावेत आणि राज्य इतर कोणत्याही मालकाप्रमाणेच जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयात कायम होण्यास १९६२ साल उजाडले. तीनच वर्षांनी मेरठच्या पोलीस ठाण्यातून नाहीशा झालेल्या सोन्याच्या खटल्यात, मूळचे सातारचे असलेले सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या पीठाने राजसत्तेच्या कामाचा जुना भेद पुन्हा उचलून धरला. तथापि ही स्थिती समाधानकारक नसून संसदेने कायदा करावा, असे स्पष्टपणे सुचविले. तसा सर्वंकष कायदा झालेला नाही. परंतु मोटार अपघातांपुरती ही ढाल न्यायालयांनी पुढे बहुतेक निकामी करून टाकली, आणि कचेरीच्या गाडीनेही खाजगी गाडीसारखेच उत्तर द्यावे हे तत्त्व रुजले.

१९७७ साल या इतिहासात विशेष महत्त्वाचे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या दोन खटल्यांचा संबंध आपल्या भागाशी होता. नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी एक मोटार रस्त्याची आपली बाजू सोडून उजवीकडच्या झाडावर आदळली आणि प्रवासी मेला. झाड चालत आले नव्हते. तेव्हा घडलेली गोष्टच चालकाच्या हयगयीची साक्ष देते, आता खुलासा त्याच्याच पक्षाने करावा, असे न्यायालयाने म्हटले. दोन गाड्यांच्या टकरीत दावेदाराला हा आधार सहज मिळत नाही. तेथे प्रत्येक चालक दुसऱ्याकडे बोट दाखवितो. दुसरा खटला मुंबईचा. चूक सिद्ध नसली तरी भरपाई देता येईल, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले: हयगय नाही तर भरपाई नाही. यंत्र बिघडल्याची सबब सांगणाऱ्या मालकाने आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती हे स्वतः सिद्ध करावे, असेही तेथे ठरले. मोडक्या आसाची मनुकालीन सबब नव्या वेषात पुढे आली, तिला ही उत्तम वेसण बसली. परंतु मुख्य गाठ अधिक घट्ट झाली.

ती सोडविण्याचे काम मग संसदेकडे आले. विधी आयोगाने १९७२ आणि १९८० साली यासंबंधी अहवाल दिले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आपल्या निर्णयांतून आग्रहाने सांगत होते की, रस्त्यावरचे मृत्यू हे समाजाने उचलावयाचे ओझे आहे आणि न्यायाधिकरणांनी बारीकसारीक शंकांचा आधार घेऊन चालक-मालकांना सोडून देऊ नये. १९८२ सालच्या दुरुस्तीने प्रथमच दोषाचा प्रश्न न विचारता द्यावयाची रक्कम ठरली: मृत्यूस पंधरा हजार, कायमच्या अपंगत्वास साडेसात हजार रुपये. रक्कम लहान, पण तत्त्व फार मोठे. १९८८ सालच्या नव्या कायद्याने ती पंचवीस आणि बारा हजारांवर, आणि १९९४ सालच्या दुरुस्तीने पन्नास आणि पंचवीस हजारांवर नेली. १ एप्रिल २०२२ पासून, २०१९ सालच्या दुरुस्तीनुसार, दोष न दाखविता मृत्यूस पाच लाख आणि जबर दुखापतीस अडीच लाख मिळतात. मात्र ही रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो, हे विसरू नये.

त्या दाव्यात किती अंतर पडू शकते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, बेचाळीस वर्षांच्या एका कायम नोकरदाराचे करवजा वार्षिक वेतन नऊ लाख रुपये आहे, आणि पत्नी, दोन मुले व आई त्याच्यावर अवलंबून आहेत. २०१७ सालच्या घटनापीठाच्या निर्णयाप्रमाणे भावी वेतनवाढीपोटी तीस टक्के मिळविले म्हणजे ११ लाख ७० हजार होतात. २००९ साली ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा जाता ८ लाख ७७ हजार ५०० उरतात. आणि त्याच्या वयाचा गुणक चौदा. गुणाकार १ कोटी २२ लाख ८५ हजार. आता हाच गृहस्थ चौरस्त्यावर स्वतः गाडी चालवीत असेल आणि निम्मा दोष त्याचा ठरला, तर घरच्यांच्या हाती ६१ लाख ४२ हजार ५०० पडतील. तोच मागच्या आसनावर बसलेला असेल, तर कोणत्या चालकाचा किती दोष हा वाद त्या दोघांचा. २०१५ सालच्या निर्णयाप्रमाणे त्याचे वारस दोहोंपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम घेऊ शकतात. ‘बर्निना’ बोटीपासून चालत आलेला विचार येथे पूर्णत्वास पोचला.

परगावी नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी दोन टप्पे महत्त्वाचे आहेत. १९३९ सालच्या कायद्याखाली अर्ज जेथे अपघात झाला तेथल्याच न्यायाधिकरणापुढे करावा लागे. नवरा रायपूरला गेला आणि विधवा मुलांना घेऊन माहेरी साताऱ्यास परतली, तर प्रत्येक तारखेला तिने रायपूर गाठावे, अशी ही व्यवस्था होती. कितीजणींनी या एकाच कारणाने दावा सोडून दिला असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. १९९४ सालच्या दुरुस्तीने दावेदाराच्या राहत्या ठिकाणीही अर्ज करण्याची मोकळीक दिली. दुसरा टप्पा निवृत्तिवेतनाचा. विम्याचे, भविष्यनिर्वाह निधीचे आणि कुटुंबनिवृत्तिवेतनाचे पैसे मिळाले, मग भरपाई तेवढी कमी करा, असा युक्तिवाद नेहमी होत असे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ठरविले की, माणूस अंथरुणावर मेला असता तरी जे पैसे मिळालेच असते ते अपघाताचे फळ नव्हे. ते वजा करता येत नाहीत. हरियाणासारख्या राज्याच्या नियमांप्रमाणे मृताचे वेतनच काही वर्षे घरच्यांना चालू राहते, तेवढा भाग मात्र वजा होतो, असे २०१६ साली ठरले. अर्जाच्या मुदतीकडेही लक्ष हवे. १९९४ साली काढून टाकलेली सहा महिन्यांची मर्यादा २०१९ सालच्या दुरुस्तीने कायद्यात पुन्हा आणली आहे. दुःखाच्या पहिल्या सहा महिन्यांत कागदपत्रे गोळा करण्याचे भान क्वचितच कोणास असते, म्हणून ते काम शेजारच्या स्नेह्यांनी हाती घ्यावे हे उत्तम.

या सर्व वाटचालीवरून आम्हांस असे दिसते की, दोषाचा शोध निरर्थक नाही. बेफिकीर चालकाला शासन करण्यासाठी, आणि स्वतःच्या चुकीचा वाटा ज्याने त्याने सोसावा यासाठी, तो आवश्यकच आहे. परंतु विमा सक्तीचा झाला त्या दिवसापासून भरपाई बहुधा चुकणाऱ्याच्या खिशातून येत नाही. ती आपण सर्व वाहनधारकांनी भरलेल्या हप्त्यांतून येते. असे असता पाच लाख विनादोष, आणि त्यावरचे सर्व काही काचांच्या तुकड्यांच्या आणि घाबरलेल्या साक्षीदारांच्या भरवशावर, ही विभागणी अर्धीच गाठ सोडविते. १८०८ सालच्या न्यायाधीशांना मृत्यूची हानी दिसली नाही, १८४९ सालच्यांना निरपराध प्रवासी दिसला नाही. आज दोघेही दिसतात. राहिला तो चालक, जो उजवीकडे पाहण्यास क्षणभर चुकला आणि प्राणास मुकला. त्याचा दोष त्याच्याबरोबर गेला. त्याच्या मुलांचा भार मात्र अजून कोणाच्या खात्यावर पुरता मांडला गेलेला नाही.